अंगणातील मरणाचा वास्तववाद

ऑक्टोबरच्या अखेरीस अमेरिकन उपनगरांतील घरे हॅलोविनसाठी सजविली जातात. या सजावटीविषयी मराठीत जे लेखन आमच्या वाचनात येते, ते बहुधा दोन जातींचे असते. एक जात संस्कृतिरक्षकांची. त्यांच्या लेखी हा बाजाराने लादलेला फिरंगी चाळा आहे. दुसरी जात आमच्याच विद्यापीठीय स्नेह्यांची. ते बाख्तिन उघडतात, 'कार्निव्हल' हा शब्द उच्चारतात आणि निश्चिंत होतात. हिरवळीवर प्रत्यक्षात काय मांडलेले आहे, हे पाहण्याची तसदी दोघेही घेत नाहीत. आमचे भांडण दोघांशी आहे; दुसऱ्यांशी अंमळ अधिक, कारण ते वाचलेले आहेत.

पहिल्यांचा निकाल लवकर लागतो. मॅसॅच्युसेट्समधील डेनिसन ही कागदाची कंपनी १९०९ साली 'बोगी बुक' नावाची पुस्तिका काढू लागली. हॅलोविनच्या मेजवानीसाठी दिवाणखाना कसा सजवावा, क्रेप कागदाच्या झालरी कशा लावाव्यात, हे गृहिणींना शिकवावे आणि त्या निमित्ताने आपला कागद खपवावा, असा हा सरळ व्यवहार होता. तेव्हा बाजार या सणात आज शिरलेला नाही. शतकाहून अधिक काळ तो तिथे मांडी ठोकून बसला आहे. आपले आकाशकंदीलही आपण विकतच आणतो. विकत घेतलेली वस्तू अर्थशून्यच असते, हा सिद्धान्त मान्य केला तर छापील पुस्तकांचे काय करावयाचे?

मात्र त्या कागदी मांजरीत आणि आजच्या सजावटीत एक भेद आहे, आणि आमच्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे. मांजरीची ती काळी आकृती 'मी मांजर आहे' असा दावा करीत नव्हती. ती खूण होती. रबरी प्रेत मात्र प्रेत असल्याचा दावा करते.

जुन्या हॅलोविनकडे पाहावे. रॉबर्ट बर्न्सची या रात्रीवरील दीर्घ कविता १७८६ साली त्याच्या पहिल्या संग्रहात आली. त्या स्कॉटिश घरात सजावट म्हणावी असे जवळजवळ काही नाही. शेकोटीत जोडीजोडीने कवचाची फळे ठेवायची आणि ती शांतपणे जळतात की तडकून दूर उडतात, यावरून लग्नाचे भविष्य पाहायचे. आरशासमोर सफरचंद खायचे. खांद्यामागून कोणाचा तरी चेहरा दिसेल, या धास्तीने आणि आशेने. रोजचेच घर, रोजचाच आरसा. भय येते ते रिकाम्या काचेतून. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगल परगण्यातील फिंटाउनहून आलेल्या शलगमाच्या कंदिलाचा प्लास्टरमध्ये घेतलेला ठसा आहे. मूठभर कंद, दोन भोके, वाकडे तोंड. ज्यांनी त्याचे छायाचित्र पाहिले असेल त्यांना बारा फुटांची गरज का नाही, हे वेगळे सांगावे लागणार नाही. आयरिश स्थलांतरितांनी अमेरिकेत शलगमाच्या जागी तिथला भोपळा घेतला. भोपळा मोठा आणि कोरायला सोपा; थोडे भय तिथेच कमी झाले असावे. असो.

आणि वॉशिंग्टन आयर्विंगची स्लीपी हॉलोची कथा (१८२०)? पुढे ती हॅलोविनच्या गळ्यात बांधली गेली, पण तिच्यात हॅलोविन नाही आणि कोरलेला भोपळाही नाही. सकाळी मास्तराच्या टोपीजवळ एक फुटलेला भोपळा सापडतो, एवढेच.

आमच्या परंपरेने हा भेद नेमका ओळखला होता. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरत भयानकाचे विभाव सांगतो: विकृत आवाज, कोल्हे आणि घुबडे, अरण्य, आणि शून्यागार, म्हणजे ओस घर. रक्त, कृमी, विष्ठा हे सारे तो बीभत्साकडे देतो. एकाचा स्थायिभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. आजच्या अमेरिकन अंगणात तुटलेले हात, बाहेर आलेली आतडी आणि खिडकीच्या काचेवर रक्ताचे पंजे असतात. घरात न्हाणीघराच्या पडद्यापर्यंत ते ओघळ पोचतात. याला 'भीतिदायक' म्हणणे ही रसाचीच चूक आहे. माणूस भीत नाही, शिसारतो, आणि दोन दिवसांनी शिसारीही येत नाही. मग मात्रा वाढवावी लागते. २०२० साली होम डेपोने बारा फुटी सांगाडा २९९ डॉलरला विकावयास काढला. २०२३ साली अमेरिकी किरकोळ विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेने हॅलोविनच्या केवळ सजावटीवरील खर्चाचा अंदाज ३.९ अब्ज डॉलर इतका वर्तविला होता. आमची तक्रार खर्चाविषयी नाही. तो कशावर झाला, याविषयी आहे.

कारण या वास्तववादाला परिणाम आहेत, आणि ते केवळ सौंदर्यशास्त्रीय नाहीत. ऑक्टोबर २००५ मध्ये डेलावेअरमधील फ्रेडरिका गावात एका स्त्रीने रस्त्याकाठच्या झाडावर आयुष्य संपविले. तिचा देह कित्येक तास येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसत होता. लोकांनी तो हॅलोविनचा देखावा समजला. ऑक्टोबर २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील मरीना डेल रे येथे एका वृद्धाचा मृतदेह सज्जातील खुर्चीवर काही दिवस होता. शेजाऱ्यांचा समज तोच. येथे शेजाऱ्यांना निर्दय ठरविणे सोपे आहे, आणि ते आम्ही करणार नाही. त्यांनी त्यांना शिकविलेले वाचन इमानेइतबारे केले. वर्षानुवर्षे चिन्ह जर वस्तूसारखे दिसण्याचा अट्टहास करीत राहिले, तर एके दिवशी वस्तू चिन्हासारखी वाचली जाणारच. कोरलेला भोपळा पाहून कोणाही मृताच्या बाबतीत असा घोटाळा होऊ शकत नाही. ध्वनी आणि अनुकरण यांतला फरक वर्गात शिकविताना यापेक्षा भयंकर उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

झाडाला टांगलेल्या पुतळ्यांचा दुसरा अर्थही आहे. ज्या देशात कृष्णवर्णीयांना झुंडींनी झाडांना लटकविले, तेही एकोणिसाव्या शतकापासून विसाव्यात खोलवर, तिथे ओकच्या फांदीवरील दोर हा 'नुसती गंमत' राहत नाही. टांगणाऱ्याच्या मनात ते नसेल. पण अर्थ लेखकाच्या हेतूत बंदिस्त नसतो, हे तर आमचेच स्नेही विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रात शिकवितात!

आता बाख्तिन. कार्निव्हलला रंगमंचाची कड नसते, तिथे पाहणारा आणि करणारा असे दोन पक्ष नसतात, हे त्याचे म्हणणे. हिरवळीवरील देखाव्याला कड आहे, ती पदपथ. मालक मांडतो, इतर मोटारीतून पाहतात. शिवाय राब्लेच्या जगातील विद्रूप देह मरता मरता काही जन्माला घालीत असतो. रबरी आतड्यांतून काही जन्मत नाही. या सणात कार्निव्हल उरलाच असेल तर तो उंबरठ्यावर आहे. वर्षातून एका रात्री परक्याच्या मुलांसाठी दार उघडते आणि ती हक्काने मागतात, ही गोष्ट खरोखर मोठी आहे. आणि दारावर पावलांच्या चाहुलीने किंचाळणारा यांत्रिक राक्षस बसविला, की नेमकी सर्वांत लहान मुले पायरीवरून माघारी वळतात.

हे केवळ 'त्यांचे' दुखणे आहे, असे कोणी समजू नये. २०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती. त्या पहाटे आपल्याकडे अंघोळीआधी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडतात. बोटभर कडू फळ, आणि त्यात अख्खा नरकासुर मावतो. गोव्यात त्याच असुराचे पुतळे करून पहाटे जाळतात. त्यांच्या स्पर्धा लागल्या, उंची वाढली, ध्वनिवर्धक आले, आणि रात्रभर जागलेल्या गावाला पहाटेपर्यंत असुर नक्की कोण, असा प्रश्न पडू लागला. कारीट विरुद्ध पुतळा हा वाद शलगम विरुद्ध सांगाडा या वादाहून वेगळा नाही.

एक व्यावहारिक आक्षेप शिल्लक राहतो: भोपळा सडतो. सडतोच. कोरल्यावर आठवड्याभरात त्याच्या कडा आत वळतात, तोंड बोळके होते, बुरशी धरते. साऱ्या मांडणीत खरोखर मरणारी तेवढी एकच वस्तू. बारा फुटी सांगाडा मात्र कोणत्याही माळ्यावर मावत नाही. तो अंगणातच उभा राहतो, आणि डिसेंबरात त्याला नाताळची लाल टोपी घालतात.