बसलेला आमदार उठत का नाही?



मतदान जवळ आलं. पाड्यापाड्यावर एकच बोलणं ऐकू येतंय : "आहे त्यालाच देऊ. ओळखीचा आहे, काम अडलं तर जाता येतं." बसलेला आमदार परत परत का निवडून येतो, त्याचं उत्तर याच बोलण्यात आहे. आपलं काम अडलेलं असतं, म्हणून तो निवडून येतो.

बघा ना. रस्ता झाला, हापसा बसला, समाजमंदिर उभं राहिलं, की नेत्याच्या नावाची पाटी लागते. पैसा कोणाचा? सरकारी तिजोरीचा, म्हणजे आपलाच. 1993 साली खासदार निधी सुरू झाला. आज एका खासदारामागे वर्षाला 5 कोटी आहेत. आमदारांनाही असा निधी आहे. खासदार नुसतं काम सुचवतो, मंजुरी कलेक्टर कचेरीतून होते. पण पाच वर्षं दिसते ती पाटी. त्याच्यासमोर उभा राहणाऱ्या कार्यकर्त्याकडे काय? दोन पाय आणि एक झोळी.

त्याहून मोठी गोष्ट प्लॉटची. फॉरेस्टवाल्यांनी बैल धरले, औत नेलं, की आपण आमदाराकडे धावतो. तो फोन करतो, बैल सुटतात. प्लॉट मात्र नावावर होत नाही. पुढच्या पेरणीला पुन्हा तेच. पट्टा हातात आला तर त्याच्या ओट्यावर कोण जाऊन बसेल?

कधी कधी तो पडतोही. मग नव्याच्या ओट्यावर आपण जाऊन बसतो. माणूस बदलला, आपलं बसणं सुटलं नाही.

हे बसणं सोडवायची वाट 2006 च्या वनहक्क कायद्यात आहे. दाव्याची सुरुवात ग्रामसभेतून होते. तपासणी पुरी होईपर्यंत दावेदाराला जमिनीवरून हटवता येत नाही. प्रांताच्या समितीचा निर्णय पटला नाही तर 60 दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं. शाळा, अंगणवाडी, रस्ता यांना या कायद्याखाली जंगलजमीन द्यायची तरी ग्रामसभेची शिफारस लागते. आमदाराची चिठ्ठी कुठेच लागत नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत दाव्यांची यादी मोठ्याने वाचा. ज्याला पोच मिळाली नाही त्याने पोच मागा. आणि मत मागायला जो येईल, मग तो जुना असो की नवा, त्याला एकच विचारा : आमच्या गावचे किती दावे अडलेत, आणि कुठे? आकडा सांगता आला नाही तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

जिंदाबाद!