वर्तनाचा रोजमेळ

शनिवार-रविवारी लोणावळ्याची बाजारपेठ पर्यटकांनी भरून जाते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर मोटारींचे भोंगे वाजत असतात आणि चिक्कीच्या दुकानांपुढे झुंबड उडते. व्यापाऱ्याला हा गजबजाट हवासा वाटतो. मात्र त्याच्या घरी स्वमग्न मूल असेल, तर त्याला तो असह्य होऊ शकतो. ते कान झाकून किंचाळते, क्वचित भिंतीवर डोके आपटते. पाहणारे ‘लाडाने बिघडले आहे’ असा शेरा मारून मोकळे होतात आणि घरची मंडळी मान खाली घालतात.

सुज्ञ वाचकहो, हा शेरा अन्यायाचा आहे. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता असून आईवडिलांचे लाड वा दुर्लक्ष हे तिचे कारण नव्हे. १९४३ मध्ये डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. मोठ्या आवाजांची धास्ती आणि नित्यक्रम मोडताच होणारी घालमेल त्यांतही नोंदलेली आहे.

काही स्वमग्न मुलांना बौद्धिक अक्षमताही असते, काहींना नसते. त्यानुसार वर्तनाचे रूप बदलते. पहिल्या गटात बोलणे अनेकदा तोकडे असते. भूक, वेदना, भीती सांगण्यास शब्द नसले की मूल हात चावते, वस्तू फेकते, घराबाहेर धाव घेते. दुसऱ्या गटातील मूल पाढे किंवा लोकलचे वेळापत्रक घडाघडा म्हणते, म्हणून त्याची अडचण कोणाच्या ध्यानात येत नाही. शाळेत दिवसभर ते स्वतःला आवरून धरते आणि घरी दप्तर टाकताच त्याचा बांध फुटतो. वय वाढते तशी चिंता आणि नैराश्य त्याला ग्रासू शकते. समाज पहिल्याला वेडा ठरवतो, दुसऱ्याला उद्धट.

आपल्या पेढ्यांवर रोजमेळ लिहिण्याची शिस्त पिढ्यान् पिढ्या आहे. तीच येथे कामी येईल. आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले, त्यानंतर त्याला काय मिळाले किंवा त्याचे काय टळले, अशा तीन रकान्यांची वही दोन आठवडे ठेवावी. वर्तनोपचार करणारे तज्ज्ञही अशीच नोंद मागतात. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरातील मूल त्या वेळेशी बांधलेले असते. लग्नसराईत पंगत लांबली की त्याचा तोल का जातो, हे वहीतून उलगडते. मावळातील मुसळधार पावसात फिरणे बंद झाल्याचा परिणामही त्यात दिसतो. वर्तन एकाएकी बिघडले, तर प्रथम डॉक्टरांकडून दात, कान, पोट तपासून घ्यावे आणि झोपेविषयी व फिट्सविषयी विचारावे. न बोलणारे मूल दाढदुखी सांगणार कशी?

कारण सापडले की उपाय आखता येतो. न बोलणाऱ्या मुलास पाणी, भूक, ‘नको’ हे दाखवण्यासाठी चित्रांची कार्डे द्यावीत. बोलणाऱ्या मुलास उद्याचा बदल आदल्या दिवशी लिहून दाखवावा आणि शाळेतून आल्यावर अर्धा तास निवांत कोपरा द्यावा. मारल्याने वा कोंडून ठेवल्याने भीती तेवढी वाढते. औषधाने तीव्र चिडचीड कमी होऊ शकते, स्वमग्नता नाहीशी होत नाही. ते वैद्यकीय सल्ल्यानेच द्यावे.

एक गोष्ट कटू असली तरी लिहिणे भाग आहे. भावंडांच्या सोयरिकीत अडथळा येईल, या भयाने असे मूल आतल्या खोलीत ठेवले जाते आणि त्याचा दाखलाही काढला जात नाही. शिकण्याची मोलाची वर्षे अशीच निघून जातात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या बालकास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दाखल्यासाठी मावळातील कुटुंबांना पुण्यात औंधच्या जिल्हा रुग्णालयात जाता येते. मूल १८ वर्षांचे झाल्यावर गरज भासल्यास १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो.

दुकानाचा वारस कोण, याचा विचार आपण वेळीच करतो. आपल्यामागे या मुलाला कोण सांभाळील, त्याचा विचारही तितक्याच वेळेवर, सर्व भावांनी एकत्र बसून करावा.