नानांचा स्पीकर आणि चित्राखालची एक ओळ



गेल्या महिन्यात मी या गटात एका जुन्या स्पीकरचं चित्र टाकलं होतं. साधी लाकडी पेटी, मध्ये काळपट कागदाचा कोन, कोनावर हिरव्या पतंगी कागदाचं ठिगळ. पुष्कळांनी कौतुक केलं. "अजून जपून ठेवलाय, धन्य आहे तुमची," असं एका ताईंनी लिहिलं. उज्जैनचे एक सद्गृहस्थ जुने रेडिओ जमवतात, त्यांनी तर मला वेगळा निरोप पाठवून किंमत विचारली.

मंडळी, तो स्पीकर अस्तित्वात नाही. वाडा पाडला तेव्हाच तो भंगारात गेला. तुम्ही पाहिलंत ते मी कॉम्प्युटरवर पाच आठवडे खपून काढलेलं चित्र होतं. पोस्ट टाकताना "नानांचा स्पीकर" एवढंच लिहिलं आणि लोक फोटो समजताहेत हे दिसूनही दोन दिवस गप्प बसलो. कौतुक गोड लागत होतं, दुसरं काय. उज्जैनकरांनी किंमत विचारली तेव्हा मात्र घाम फुटला. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या आणि म्हाताऱ्या वयात स्वतःच विनासहीचा कागद चालवला! म्हणून हा खुलासा, आणि खुलाशाबरोबर थोडं माझं मत.

आधी मूळ वस्तूबद्दल. आमचं बिऱ्हाड इंदूरला रामबागेतल्या एका वाड्यात होतं. वडील, म्हणजे नाना, मिलमध्ये कारकून. घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवल्यावर तापायला मिनिटभर लागायचा, मग खरखर करत बोलू लागायचा. त्या काळच्या बऱ्याच रेडिओंना मागे जादा स्पीकर जोडायची सोय असे. नानांनी जुन्या बाजारातून आठ इंची स्पीकर आणला, सुताराकडून पेटी करून घेतली आणि वायर खिडकीतून काढून ती पेटी ओट्यावर ठेवली. कारण एवढंच की वाड्यात रेडिओ आमच्याकडेच, आणि सगळे आमच्या दोन खोल्यांत मावत नसत. बुधवारी रात्री आठला सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की ओट्यावर पाय ठेवायला जागा नसे.

पेटीपुढचं कापड लवकरच फाटलं, आणि नंतर ते कुणी लावलंच नाही. कोन उघडाच राहिला. कोनाच्या मधोमध ती फुगीर टोपी असते ना, ती दाबून बघायचा मोह लहान मुलाला आवरत नाही. मला तर नाहीच आवरला. मी दहा वर्षांचा असेन. पेन्सिलीनं दाबायला गेलो, पेन्सिल घसरली आणि कोनाला दोन बोटं चीर गेली. नानांनी मारलं नाही. संक्रांतीचा उरलेला पतंग घेतला, मैद्याची खळ केली आणि ठिगळ लावलं. तेव्हापासून तबल्याचा बायाँ वाजला की स्पीकर फरफरायचा. 27 मे 1964 च्या दुपारी पंडितजी गेल्याची बातमी आली तीही आमच्या वाड्यानं त्याच फरफरत्या आवाजात ऐकली. बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या आणि मी त्या हिरव्या ठिगळाकडे बघत होतो, हे मला लख्ख आठवतं.

या पेटीचा एकही फोटो नाही. त्या काळी फोटो माणसांचे काढत, तेही लग्नामुंजीत. पेटीचा कोण काढणार?

नातवाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आजोबा, थांबा, आत्ता करून देतो." मोबाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या, आणि चहा निवायच्या आत चित्र हजर! एआयनं काढलेलं. पेटी सागवानी, कोरीवकाम केलेली. कोनाभोवती चकचकीत सोनेरी कडी. मागे तुळशीवृंदावन, शेजारी पगडीवाले आजोबा हात जोडून. नानांनी जन्मभर काळी टोपी घातली, ती बाब सोडा. चित्र देखणं होतं हे नाकारत नाही.

ते मी ग्वाल्हेरला ताईकडे पाठवलं. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचा लगेच फोन. "अरे, अगदी तस्सा! ती सोनेरी कडी आठवली बघ मला." मी म्हटलं, ताई, कडी नव्हती, साधी लोखंडी चौकट होती, तिला गंज चढलेला. तिला पटेना. दोन-तीन दिवसांनी पुन्हा फोन, आता आठवण आणखी पुढे गेलेली. "दिवाळीत मी ती कडी चिंचेनं घासायची, आई ओरडायची."

मंडळी, नव्हती हो कडी. पण आता ताईच्या डोक्यात ती आहे, चिंचेसकट आहे, आणि आता ती निघत नाही. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. त्या स्पीकरला ओळखणारी माणसं पृथ्वीवर दोनच उरली आहेत, आणि त्यातल्या एकीचं खातं कुणीतरी परस्पर बदललं होतं.

मग ठरवलं, आपण स्वतः काढायचं. नातवानंच गिंप उतरवून दिलं. अमेरिकेत बर्कलीला शिकणाऱ्या दोन मुलांनी 1996 मध्ये ते आणलं आणि आजही फुकट आहे. पेन्शनरला आणखी काय पाहिजे! शिकवण्या इंटरनेटवर भरपूर आहेत. अडचण अशी की तिथं सगळे जण नवा कोरा, काळा कुळकुळीत, रबरी काठाचा स्पीकर काढायला शिकवतात. आमचा कागदी. त्याचा काठसुद्धा कोनाच्याच कागदाला बारीक वळ्या पाडून केलेला. म्हणजे रीत त्यांची घ्यायची आणि माल आपला भरायचा.

रीत तशी सोपी वाटते. गोल निवडायचं हत्यार घ्यायचं, ओढताना शिफ्ट आणि कंट्रोल दाबून ठेवायचं, की मध्यबिंदूपासून अचूक वर्तुळ येतं. बाहेरची चौकट, आतला वळ्यांचा काठ, त्याच्या आत कोन, मध्ये टोपी. प्रत्येक वर्तुळ वेगळ्या लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा समजा. एक पुसली तरी बाकीच्या शाबूत. मग ग्रेडियंटनं उजेडाकडून सावलीकडे रंग उतरवत न्यायचा. मी मधून सगळीकडे सारखा पसरणारा ग्रेडियंट सगळ्या वर्तुळांना दिला. ही चष्मा सावरत मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अप्पेपात्र का काढताय?"

तिचं खरं होतं. खोली येतच नव्हती. आठवडाभर डोकं खाजवलं. शेवटी नातवाचा नवा स्पीकर टेबलावर ठेवला, पुढची जाळी काढली, डाव्या बाजूला वरती दिवा धरला आणि नुसता बघत बसलो. तेव्हा उमगलं. उजेड वरून डावीकडून येतो तेव्हा मधल्या फुगीर टोपीची डावी वरची बाजू उजळते आणि उजवी खालची काळी पडते. कोन आत गेलेला, त्याचं नेमकं उलट. त्याची उजेडाकडची बाजू सावलीत आणि पलीकडची उजळ. तोच ग्रेडियंट, एकदा सुलटा आणि एकदा उलटा. जमा आणि नावे! ते दोन ओढले आणि पडद्यावरचा कोन असा आत गेला की मी बोट लावून पाहिलं. बी.कॉम. झाल्यावर पहिला ट्रायल बॅलन्स जुळला होता तेव्हा एवढाच आनंद झाला होता.

पुढचं काम मात्र रीतीत नव्हतं. कोन फार गुळगुळीत दिसत होता, कागद वाटत नव्हता. त्यावर बारीक नॉइज टाकला, थोडा ब्लर केला, तेव्हा खरबरीतपणा आला. चौकटीचे चार स्क्रू काढले, तेव्हा आठवलं की एक स्क्रू वेगळा होता, पितळी, कारण मूळचा हरवला होता. ही गोष्ट साठ वर्षांत एकदाही आठवली नव्हती. चौथा स्क्रू काढायला हात गेला आणि हातालाच आठवली. मग पेटीच्या खालच्या कडेचा डाग आठवला. तिथं आई दिवेलागणीला उदबत्ती लावायची. पोळलेला, बोराएवढा. तोही काढला.

माझं म्हणणं जे काही आहे ते इथंच आहे. एआयच्या चित्रात कमी काही नव्हतं, उलट जास्तच होतं. पण स्क्रू कसा होता हे त्यानं मला विचारलं नाही. हातानं काढताना पावलोपावली प्रश्न पडतो, इथं काय होतं? आठवत असेल तर काढायचं, नसेल तर थांबायचं. माझी पेटीची मागची बाजू कोरी आहे, कारण ती मला आठवत नाही.

नातू वाद घालतो. "आजोबा, तुम्हीपण कॉम्प्युटरवरच केलंत. तुमचंही खोटंच. लोक फसले की नाही?" मुद्दा बिनतोड आहे, फसले खरे. पण फरक असा की माझ्या चित्रातल्या रेघेरेघेबद्दल मला विचारा, ही का, कशावरून, मी उत्तर देईन. चुकली असेल तर चूक माझी. त्या सोनेरी कडीबद्दल कुणाला विचारायचं? व्हाउचर आहे, पण पास कुणी केलं त्याची सहीच नाही.

मी यंत्राच्या विरोधात नाही, हेही सांगून ठेवतो. आमच्या बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा नाकं मुरडणाऱ्यांत मी नव्हतो. गणपतीचं निमंत्रण, हळदीकुंकवाची पत्रिका, वाढदिवसाचं कार्ड, खुशाल एआयकडून करून घ्या. माझी तक्रार आठवणींपुरती आहे. हल्ली आपल्या गटात "दुर्मीळ फोटो" फार येतात. परवाच "राजवाडा, 1940" म्हणून एक आला. खाली चाळीस जणांचे हात जोडलेले. मी मजले मोजले, नऊ भरले. राजवाडा सात मजली आहे. खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. हे इंदूरचं पोरगंही सांगेल. मी तसं लिहिलं तर उत्तर आलं, "काका, भावना बघा."

भावनाच बघतोय, बाबा. आपण बाहेरगावी राहिलेले मराठी लोक. कुणी होळकरांच्या बरोबर आले, कुणी शिंद्यांच्या, कुणी गायकवाडांच्या. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत आपल्या वाड्यांचे, आपल्या ओट्यांचे फोटो फारसे सापडायचे नाहीत. आपला दप्तरखाना म्हणजे कुणाच्या तरी पत्र्याच्या ट्रंकेतले पाच-सात फोटो आणि ऐंशीच्या पुढच्या चार बायकांचं डोकं. त्यात नऊ मजले घुसले तर दुरुस्त करणारं मागे कोण राहणार आहे?

जुन्या लेजरमध्ये खाडाखोड चालत नसे. चुकलेल्या आकड्यावर लाल शाईची एक रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही. चुकीचा आकडाही वाचता आला पाहिजे असा दंडक होता. ड्राफ्ट हरवला तर दुसरा देत असू, पण त्यावर डुप्लिकेट असं ठळक लिहून. त्यानं त्याची किंमत एक पैसा कमी होत नसे. तसंच इथं करू या. गटचालकांना माझी विनंती आहे की प्रत्येक चित्राखाली एक ओळ सक्तीची करावी, फोटो आहे, हातानं काढलेलं आहे की एआयनं केलेलं आहे. फोटो असेल तर कुणाच्या घरातला तेही. एवढी ओळ लिहायला कुणाची ना नसावी.

सुरुवात माझ्यापासून. सोबत तेच चित्र पुन्हा टाकतो आहे. खाली लिहिलं आहे: "चित्र. मूळ वस्तू उपलब्ध नाही. आठवणीवरून." आणि माझी सही. उज्जैनकरांची फोनवर माफी मागितली. त्यांनी हसून चित्राची एक प्रत मागितली.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. ठिगळ माझ्या मते डावीकडे होतं. पेन्सिल उजव्या हातात, घसरली ती डावीकडे, असा माझा हिशेब. ताई म्हणते उजवीकडे. तिचं उजवं म्हणजे पेटीचं की बघणाऱ्याचं, यावर आमचा पाऊण तास गेला. म्हणून मी ठिगळाचे दोन लेयर केले आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. बाजूच्या डोळ्याच्या चिन्हावर बोट ठेवलं की एक दिसतो, दुसरा लपतो. तुम्हाला पाठवलेल्या प्रतीत डावं ठिगळ आहे, तेवढा अधिकार चित्रकार म्हणून घेतला. कडीचा लेयर मात्र मी केलेला नाही, आणि त्यावरून ताई नाराज आहे.

येत्या रविवारी ती ग्वाल्हेरहून येते आहे. ठिगळाचं समोरासमोर बसून ठरवू. चिंचेचा विषय मी आपणहून काढणार नाही.