मैलापाण्याचा हिशेब

देशातील शहरे दररोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी बाहेर टाकतात. त्यावर प्रक्रिया करण्याची यंत्रणा उभी राहिली ती ३१,८४१ दशलक्ष लिटरची आणि प्रत्यक्ष प्रक्रिया झाली ती केवळ २०,२३६ दशलक्ष लिटरवर. हा हिशेब कोणा आंदोलकाचा नव्हे, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, २०२०-२१ सालचा आहे. पहिल्या दोन आकड्यांतील अंतराला पैशाच्या टंचाईची सबब सांगता येईल. पण बांधून तयार असलेली केंद्रे अर्धपोटी का चालतात?

या कामात गूढ असे काही नाही. जाळीने कचरा अडवायचा, वाळू आणि गाळ तळाशी बसू द्यायचा, मग पाण्यात हवा खेळवून जिवाणूंकडून त्यातील घाण फस्त करवायची. पुन्हा निवळून, गाळून, क्लोरीनने किंवा अतिनील किरणांनी रोगजंतू मारायचे. नामिबियातील विंडहूक शहर तर १९६८ पासून असे पाणी आणखी शुद्ध करून पिण्यासाठी वापरीत आले आहे. अट एवढीच की कारखान्यांचे विषारी पाणी गटारात मिसळता कामा नये. ते मिसळले की जिवाणूच मरतात. आणि हवा खेळवायला अहोरात्र वीज लागते. खरी मेख येथेच आहे. उभारणीला अनुदान मिळते, कंत्राटदार मिळतो, कोनशिलेला मंत्री मिळतो. विजेच्या बिलाला मात्र कोणी वाली नसतो. जकात आणि स्थानिक संस्था कर गेल्यापासून महाराष्ट्रातील महापालिका राज्य शासनाच्या भरपाईकडे डोळे लावून बसल्या आहेत.

नागपूरचे उदाहरण शासन अभिमानाने सांगते. भांडेवाडीचे प्रक्रिया केलेले, दिवसाला १३० दशलक्ष लिटरपर्यंतचे पाणी कोराडीच्या वीज केंद्रासाठी देण्याची ही योजना आहे. योजना चांगलीच आहे. चांगल्याला चांगले म्हणण्यात समाजवाद्यांनी कंजूषी करू नये. परंतु वीज केंद्राला मैलापाणी पुरले म्हणून जे स्वच्छ पाणी वाचते, ते कोणाचे? पेंचच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्याचे, की शहरालगतच्या नव्या वसाहतींचे? बाजाराच्या हाती सोपविले तर उत्तर ठरलेलेच आहे. आणि जी घाण प्रक्रियेवाचून राहते ती नागनदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला मिळून गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. शहराचा खर्च वाचतो आणि त्याची किंमत काठावरचा ढिवर व शेतमजूर आपल्या शरीराने चुकवितो. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याला ‘बाह्य परिणाम’ असे सोज्वळ नाव आहे.

हे मैलापाणी केंद्रापर्यंत पोचते तरी कोणाच्या जिवावर? गटारात माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई २०१४ साली दहा लाख ठरविली, २०२३ साली ती तीस लाखांवर नेली. रक्कम वाढली, पण मृत्यू थांबलेले नाहीत; आणि मरतो तो बहुधा कंत्राटी कामगार, बहुधा दलित. पुनर्वापराच्या गौरवलेखांत या माणसाला एक ओळही मिळत नाही.

महापालिकांची अंदाजपत्रके दरवर्षी सभागृहापुढे येतात. कार्यकर्त्यांनी ती मागवून वाचावीत: प्रक्रिया केंद्राच्या विजेसाठी किती तरतूद आहे, शुद्ध केलेले पाणी कोणाला कोणत्या दराने विकले जाते, आणि गटारे साफ करणारी यंत्रे कागदावर किती व रस्त्यावर किती.