डोक्याची गोळी आहे का कुणाकडे?

दुपारचे साडेचार. पार्टिशनवरून एक पडलेला चेहरा डोकावतो. ‘‘ए, डोक्याची गोळी आहे का गं कुणाकडे?’’ आणि मग सगळ्या फ्लोअरवर काय उत्साह संचारतो म्हणता! एका ड्रॉवरमधून पॅरासिटामॉल निघते, दुसऱ्या पर्समधून आयब्युप्रोफेन. तिसरी तर तिच्या आईला डॉक्टरांनी दिलेली ‘एकदम जालीम’ स्ट्रिपच पुढे करते. ‘‘ही घे, अर्ध्या तासात उठून बसशील!’’ स्टेपलर मागितला तर ‘परत आणून दे हं’ असं दहादा बजावणारी मंडळी गोळीच्या बाबतीत मात्र साक्षात कर्णाचे अवतार.

पंचाईत एवढीच, की ‘डोक्याची गोळी’ नावाची गोळीच नसते. कुठली गोळी, कुणी, अटॅकच्या कुठल्या टप्प्यावर आणि महिन्यातून किती वेळा, यावर सगळं अवलंबून असतं. मायग्रेनवाल्यांना तर फारच.

मुळात आपल्याकडे मायग्रेनचं अर्धं आयुष्य ‘पित्त’ या टोपणनावाखाली जातं. डोकं ठणकतंय, मळमळतंय, उलटी झाली की जरा बरं वाटतं, म्हणजे पित्तच! असा घरचा निकाल लागतो आणि अँटासिडच्या बाटल्या रिकाम्या होतात. खरं म्हणजे मळमळ आणि उलटी हा मायग्रेनचाच भाग. आजी ज्याला अर्धशिशी म्हणायची तेच हे. बहुतेकदा डोक्याची एक बाजू ठणकते, जिना चढलं की आणखी वाढतं, ट्यूबलाइट नको वाटते, शेजारच्याची रिंगटोन डोक्यात घाव घालते. उपचार न केल्यास चार तासांपासून थेट तीन दिवसांपर्यंत मुक्काम. काहींना आधी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, त्याला ‘ऑरा’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गोळी घ्यायची कधी? आपला ऑफिसातला रिवाज असा, की ‘बघू, कॉल संपेपर्यंत कळ काढू, अगदीच असह्य झालं तर घेऊ.’ मायग्रेनमध्ये हा शहाणपणा नेमका उलटा पडतो. अटॅक रंगात आला की पोटाचं काम मंदावतं. गिळलेली गोळी पोटातच रेंगाळते, रक्तात पोचायला उशीर होतो. मग ‘हिचा काही उपयोग नाही’ म्हणत तासाभरात दुसरी, मग तिसरी! म्हणून डॉक्टर सांगतात, की हे मायग्रेनच आहे अशी ओळख पटली की दुखणं सौम्य असतानाच पूर्ण डोस घ्या. अर्धी मोडून नको. सोबत मळमळीसाठी डॉम्पेरिडोनसारखं औषध बऱ्याचदा देतात, तेही याचसाठी.

साध्या वेदनाशामकांनी भागत नसेल तर पुढची पायरी ट्रिप्टान्सची. यातलं पहिलं, सुमाट्रिप्टान, 1991 मध्ये आलं. त्याच घराण्यातलं रिझाट्रिप्टानही डॉक्टर लिहून देतात. ही नुसती पेनकिलर नव्हेत, खास मायग्रेनसाठी बनवलेली औषधं. मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या ती आकुंचित करतात आणि वेदनेचे निरोप अडवतात. पण रक्तवाहिन्या आकुंचित करणारं औषध हृदयाच्या रक्तवाहिन्यांना ओळखत नाही असं थोडंच आहे? हृदयविकार, पूर्वी झालेला स्ट्रोक, आटोक्यात नसलेलं बीपी असेल तर ट्रिप्टान वर्ज्य. तुम्हाला अमृतासारखी लागू पडणारी गोळी सिगारेट ओढणाऱ्या, बीपी कधीच न तपासलेल्या टीम लीडरला देऊ नका, ते यासाठी.

ट्रिप्टानचे आणखी दोन नियम फार कमी जणांना ठाऊक असतात. एक, ऑरा दिसायला लागला म्हणून लगेच घ्यायची नाही. डोकं दुखायला सुरुवात झाली की घ्यायची. दोन, पहिल्या गोळीने काहीच फरक पडला नाही तर त्याच अटॅकसाठी दुसरी घेऊन उपयोग नसतो. बरं वाटून पुन्हा दुखायला लागलं तर दुसरी चालते, तीही किमान दोन तासांनी आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत.

आणि ती ‘जालीम’ स्ट्रिप? ती उलटी करून बारीक अक्षरं वाचा. त्यात एर्गोटामाइन असण्याची बरीच शक्यता आहे, सोबत कॅफीन, पॅरासिटामॉल आणि मळमळीचं प्रोक्लोरपेराझिन. एकात चार! आपल्याकडे हे कॉम्बिनेशन वर्षानुवर्षं चालत आलंय. एर्गोटामाइन हे राय नावाच्या धान्यावर वाढणाऱ्या बुरशीतून 1918 मध्ये वेगळं काढलेलं रसायन. गावाकडे बाजरीच्या कणसांवर अरगट पडतो, त्याच कुळातली ही बुरशी. मध्ययुगीन युरोपात असलं धान्य खाऊन लोकांची बोटं काळी पडून झडायची, इतक्या रक्तवाहिन्या आवळल्या जायच्या. गोळीतला डोस अर्थातच मोजका असतो. पण घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन, नाहीतर फंगल इन्फेक्शनसाठी इट्राकोनाझोल चालू असेल, तर लिव्हर एर्गोटामाइनचा निचरा करू शकत नाही. ते साठत जातं आणि हातापायांचा रक्तपुरवठा तुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. ट्रिप्टान आणि एर्गोटामाइन एकाच दिवशी तर नाहीच, मध्ये 24 तासांचं अंतर हवं. गर्भारपणात एर्गोटामाइन पूर्ण बंद. शिवाय त्यातलं पॅरासिटामॉल तुमच्या सर्दीच्या गोळीतही असतं. दोन्हींची बेरीज करायची असते, हे कोण लक्षात ठेवतं?

आता खरा व्हिलन. आठवड्याला दोन-तीनदा गोळी, मग एक दिवसाआड, मग सकाळी उठल्याबरोबर डोकं जड म्हणून ब्रशच्या आधी गोळी. तुम्हाला वाटतं, मायग्रेन वाढलंय. डॉक्टर म्हणतात, गोळ्याच आता डोकं दुखवतायत! याला नाव आहे, मेडिकेशन ओव्हरयूज हेडेक. हिशेब सोपा आहे. ट्रिप्टान, एर्गोटामाइन किंवा असली कॉम्बिनेशन्स महिन्यातले 10 किंवा जास्त दिवस, साधी पॅरासिटामॉल-आयब्युप्रोफेन 15 किंवा जास्त दिवस, आणि हे तीन महिन्यांच्या वर चाललं की तुम्ही या गाडीत बसलात. गंमत म्हणजे इथे गोळ्या नव्हे, दिवस मोजतात. एका दिवसात दोन घेतल्या तरी दिवस एकच. डेस्कवर कंपनीचं फुकट कॅलेंडर असतंच. गोळी घेतली त्या तारखेवर फुली मारा, शेजारी औषधाचं नाव. डॉक्टरांना तुमच्या ‘खूप दुखतं हो’पेक्षा हे पान कितीतरी जास्त सांगतं.

त्यांना आणखीही काही सांगायचं असतं, जे आपण बहुतेक वेळा गाळतो. मुलींनो, ऑरा येत असेल आणि इस्ट्रोजेनवाली गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर हे आजच सांगा. या जोडीने स्ट्रोकचा धोका वाढतो, म्हणून ती गोळी बदलावी लागते. दमा असेल तर सांगा. काहींना आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिनने धाप लागते. डिप्रेशनची औषधं चालू असतील तर संकोच न करता सांगा. आणि पावसाळ्यात ताप येऊन डोकं फुटत असेल तर ते मायग्रेन समजून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन घेऊ नका. डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

क्षणार्धात उसळलेली, आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी, ताठलेली मान, अडखळणारी जीभ, लुळा पडलेला हात, यातलं काहीही असेल तर ड्रॉवर उघडायचाच नाही. रिक्षा पकडा आणि सरळ हॉस्पिटल.

महिन्यातले चार किंवा जास्त दिवस मायग्रेन खात असेल तर डॉक्टर बहुधा रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं सुचवतील. फ्लुनारिझिन, प्रोप्रॅनोलॉल, टोपिरामेट वगैरे. ही अटॅकच्या वेळी घ्यायची नसतात, आणि परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. ‘चार दिवस घेतली, काही झालं नाही’ म्हणून सोडणारे महाभाग जागोजागी भेटतात. फ्लुनारिझिनने झोप येते, वजन वाढू शकतं, कधीकधी मन उदास होतं. टोपिरामेट चालू असताना दिवस राहणं बाळासाठी धोक्याचं, तेव्हा बाळाचं प्लॅनिंग आधी बोलून घ्या. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या पेशंटला चालत नाही. शिवाय त्यामुळे रिझाट्रिप्टानचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून तिचा डोस निम्मा करतात. दोन वेगळ्या डॉक्टरांच्या दोन वेगळ्या चिठ्ठ्या असतील तर हे कुणाच्या लक्षात येणार?

कॅलेंडरवर फुल्याच फुल्या झाल्या असतील तर गोळ्या थांबवण्याची वेळ आली, पण स्वतःच्या मनाने एकदम नको. कुठली एका झटक्यात बंद करायची आणि कुठली हळूहळू, हे डॉक्टर ठरवतील. थांबवल्यावर सुरुवातीचे काही दिवस, कधी आठवडाभरही, डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, मळमळतं, झोप उडते, आणि मग उतार पडायला लागतो. तेव्हा मुहूर्त अप्रेजलच्या आठवड्यातला काढू नका. रजा शिल्लक असेल तर आत्ताच टाकून ठेवा, आणि घरच्यांना सांगा, की चिडचिड झाली तर मनावर घेऊ नका.