भंगार नव्हे, पुरावा

मा. संपादक,


गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदल हवाई संग्रहालयातील विमाने ‘कधीच न लढलेले भंगार’ आहेत, हे आपल्या लेखकाचे विधान इतिहासाला धरून नाही. तिथे उभ्या असलेल्या सी हॉक जातीच्या विमानांनी ४ डिसेंबर १९७१ रोजी ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून उड्डाण करून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बझारच्या विमानतळावर हल्ला चढवला. पाणबुडीविरोधी आलिझे विमानेही त्या मोहिमेत होती. तिथले सुपर कॉन्स्टेलेशन विमान लढले नाही, हे खरे. पण एअर इंडियाचे हे प्रवासी विमान आधी हवाई दलाकडे आणि मग १९७६मध्ये सागरी टेहळणीसाठी नौदलाकडे आले. भंगार इतक्या नोकऱ्या करत नाही!

खऱ्या विमानांऐवजी प्रतिकृती आणि पडदे पुरेत, हा लेखकाचा दुसरा मुद्दा. पण नौकेवरच्या अपुऱ्या जागेत विमान मावावे म्हणून पंख दुमडण्याची सोय कशी केली, हे खऱ्या विमानाशेजारी उभे राहूनच उमगते. खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने पत्रा गंजतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यावर उपाय रंगरंगोटी आणि लहान विमानांवर छप्पर हा आहे, विमाने हलवणे नव्हे. देखभाल महाग म्हणून ठेवा मोडीत काढला की काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. संग्रहालय म्हणून जपलेली ‘विक्रांत’ २०१४मध्ये दारूखान्याच्या जहाजतोडणी आवारात तोडायला गेली आणि तिचे पोलाद मोटारसायकलींत वापरले गेले. लेखकाने आग्रह धरायचाच, तर छपरासाठी निधीचा धरावा.

– एक वाचक, मडगाव