दुकान आपले, दार दुसऱ्याचे

‘संकेतस्थळाचा जमाना संपला, आता ॲप काढा’ असा उपदेश आज लहानमोठ्या प्रत्येक व्यावसायिकाला ऐकावा लागत आहे. तालुक्याची पतसंस्था, मसाले-पापड विकणारा महिला बचत गट, चार शिक्षकांनी मिळून चालविलेला शिकवणी वर्ग, पुस्तकांचे छोटे दुकान, यांपैकी कोणीही या उपदेशातून सुटलेले नाही. आपल्या चळवळीतील संस्थाही त्याला अपवाद नाहीत. हा प्रश्न केवळ तंत्राचा व खर्चाचा असल्याप्रमाणे मांडला जातो. वस्तुतः तो बाजाराच्या मालकीचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच समाजवादी कार्यकर्त्याने तो नीट समजून घ्यावयास हवा.

संकेतस्थळ आणि ॲप यांतील फरक दिसण्यातला नाही. जागतिक संगणक-जाळ्याचे मूळ तंत्र जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी कोणतेही मूल्य न घेता सर्वांसाठी खुले केले. त्या जाळ्यावर दुकान मांडावयाचे तर पत्ता घ्यावा, जागा भाड्याने घ्यावी आणि फळी उघडावी. कोणाची परवानगी लागत नाही. जागेचा मालक त्रास देऊ लागला तर तोच पत्ता घेऊन दुसरीकडे जाता येते. ॲपची गोष्ट निराळी आहे. ॲपल आणि गूगल या दोन अमेरिकन कंपन्यांनी २००८ साली आपापली ॲप-दुकाने उघडली, आणि ग्राहकाच्या हातातील फोनपर्यंत पोहोचण्याचा रूढ मार्ग तेव्हापासून त्यांच्या दारातून जातो. भारतात तर वापरातील स्मार्टफोनांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक फोन गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालतात. ॲप स्वीकारावयाचे की नाही, ते यादीत कोठे दाखवावयाचे, पुढे ते काढून टाकावयाचे काय, हे सारे दाराचा मालक ठरवितो. केवळ संकेतस्थळाला वेष्टन घालून तयार केलेले ॲप नाकारण्याची तरतूद ॲपलच्या नियमावलीतच आहे. म्हणजे ज्याला आपण आपले दुकान समजतो, त्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असते.

अर्थशास्त्रात यातून होणाऱ्या प्राप्तीला खंड म्हणतात. नवे काही निर्माण न करता, वाट अडवून बसल्याबद्दल मिळणारे हे उत्पन्न होय. ॲपमधून होणाऱ्या डिजिटल विक्रीवर या दोन्ही कंपन्यांनी अनेक वर्षे पंधरा ते तीस टक्के वाटा घेतला. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला दोन प्रकरणांत दंड केला : अँड्रॉइडवरील वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल १,३३७.७६ कोटी रुपये, आणि ॲप-दुकानातील पैसे स्वीकारण्याच्या सक्तीच्या पद्धतीबद्दल ९३६.४४ कोटी रुपये. पहिला दंड अपिलात कायम राहिला. दुसरा अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आणला. पापड, कापड यांसारख्या प्रत्यक्ष वस्तूंच्या विक्रीवर हा वाटा घेतला जात नाही, हे खरे. परंतु शिकवणीचे ध्वनिमुद्रित धडे, नियतकालिकाची डिजिटल वर्गणी, ई-पुस्तक यांना ही सूट नाही. शिवाय सूट ही मालकाची मेहेरबानी असते. ती कुळाचा हक्क होत नाही. कोकणातील खोतीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे अधिक सांगावयास नको.

किल्ली दुसऱ्याकडे असण्याचा अर्थ १ मार्च २०२४ रोजी स्पष्ट झाला. शुल्काच्या वादावरून गूगलने भारतातील काही कंपन्यांची ॲप्स त्या दिवशी आपल्या दुकानातून काढून टाकली. त्यांत विवाह जुळविणाऱ्या आणि नोकऱ्या शोधून देणाऱ्या नामवंत कंपन्या होत्या. केंद्र सरकारने मध्यस्थी केली आणि काही दिवसांत ती ॲप्स परत आली. या कंपन्या भांडवलदारांच्याच आहेत. त्यांच्यासाठी अश्रू ढाळण्याचे आपल्याला कारण नाही. परंतु ज्यांच्यासाठी मंत्रिमहोदय बैठक बोलावतात त्यांची ही गत, तर कोपरगावच्या एखाद्या बचत गटाचे ॲप काढून टाकले गेल्यास दाद कोणाकडे मागावयाची? आणि हेही ध्यानात घ्यावे की, ॲप गेले तरी त्या कंपन्यांची संकेतस्थळे चालूच होती. ज्याने संकेतस्थळ मोडून सर्वस्व ॲपवर लावले असते, त्याला तेवढाही आधार उरला नसता.

संकेतस्थळ मोडण्याचा प्रयोग या देशात झालेलाही आहे. कपडे विकणाऱ्या मिंत्रा या कंपनीने १५ मे २०१५ पासून संकेतस्थळ बंद करून केवळ ॲपवर विक्री सुरू केली. पाठीशी फ्लिपकार्टचे भांडवल होते आणि भविष्यकाळ आपल्याच बाजूचा आहे असा विश्वास होता. वर्षभरानंतर, १ जून २०१६ रोजी, कंपनीला संकेतस्थळ पुन्हा उघडावे लागले. फ्लिपकार्टनेही मोबाइलवरील बंद केलेले संकेतस्थळ नोव्हेंबर २०१५ मध्ये नव्या, हलक्या रूपात परत आणले. अफाट भांडवलाला ही चूक पचली. पतसंस्थेला वा बचत गटाला ती पचणार नाही.

ॲपच्या दाराशी कोण अडते, याचाही विचार व्हावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वतः वापरता येईल असा मोबाइल फोन देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता, आणि यांतील प्रत्येक फोन स्मार्टफोन नव्हे. घरातल्या एकाच फोनवर सासू, सून आणि शाळकरी मुलगा यांचा व्यवहार चालतो तेथे, जागा अडविणारे आणखी एक ॲप कोण ठेवणार? संकेतस्थळ कोणाच्याही फोनवर, सायबर कॅफेत वा ग्रंथालयाच्या संगणकावर उघडते. ॲप मात्र आधी फोनमध्ये वस्ती करते आणि मग संपर्कांची यादी, ठावठिकाणा यांची मागणी करू लागते.

आमचा यंत्राला विरोध नाही. ॲपचे उपयोग उघड आहेत, आणि ते श्रमिकांच्या बाजूनेही राबविता येते. बंगळूरच्या रिक्षाचालकांच्या संघटनेच्या सहभागाने २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘नम्म यात्री’ ॲपने भाड्यातील टक्केवारीची दलाली घेतली नाही. पुढे चालकांकडून ठरावीक वर्गणी घेण्याची पद्धत ठेवली. आमचा आक्षेप वाटेच्या खाजगी मालकीला आहे. यूपीआयचे उदाहरण बोधप्रद आहे. २०१६ साली उभा राहिलेला हा मार्ग सर्वांना खुला आहे. परंतु त्यावरील बहुतांश व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोन ॲपच्या हाती गेले. कोणाचाही हिस्सा तीस टक्क्यांहून अधिक नसावा असा नियम नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत पुढे ढकलण्यात आली. रस्ता सार्वजनिक करून भागत नाही. रस्त्याच्या तोंडाशी कोण बसतो, यावरही नजर ठेवावी लागते.

बाजाराच्या दारावर समाजाची हुकमत असावी, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १८८६ साली वऱ्हाडातील कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. हेतू मँचेस्टरच्या गिरण्यांच्या सोयीचा असेल. परंतु बाजार ही कोणा सावकाराची खाजगी ओसरी नव्हे, तेथे नियम हवा, हे तत्त्व त्यात मान्य झाले. १९६३ च्या राज्याच्या कायद्याने ते शेतमालाच्या बाजाराला व्यापकपणे लागू केले. बाजार समित्यांत पुढे अडत्यांचे आणि पुढाऱ्यांचे संगनमत झाले, हे आपण जाणतो व त्याविरुद्ध लढलोही आहोत. तथापि वजनकाटा खोटा निघाला म्हणून कोणी वजनमापाचा कायदाच रद्द करा असे म्हणत नाही. दुसरा वारसा सहकाराचा. मुंबईच्या नायगावात १९४८ साली ‘अपना बाजार’ उभा राहिला, तो कामगाराने आपल्या मालकीचे दुकान काढावे या निश्चयातून.

या दोन्ही वारशांतून आजचे कर्तव्य निघते. आपल्या संस्थांनी प्रथम स्वतःच्या नावाचा पत्ता आणि मोबाइलवर सुखाने उघडणारे, मराठीतील हलके संकेतस्थळ सिद्ध करावे. ॲप-दुकानात न जाता फोनच्या पडद्यावर त्याचे चिन्ह ठेवता येते, एवढ्यावर बहुतेकांचे काम भागेल. ग्राहकांची नोंद आपल्या वहीत ठेवावी. त्यानंतर गरज असेल तर ॲप जरूर काढावे, परंतु संकेतस्थळ बंद करून नव्हे. अनेक पतसंस्थांनी वा बचत गटांनी एकत्र येऊन, जिल्हा वा राज्य संघामार्फत एक सामाईक ॲप काढणे अधिक शहाणपणाचे होईल.

पक्षाने मागणीही स्पष्ट करावी. ॲप-दुकानांना सार्वजनिक बाजाराचे नियम लावावेत, शुल्काला मर्यादा असावी, पूर्वसूचना व सुनावणी यांवाचून कोणाचेही ॲप काढले जाऊ नये, आणि सरकारी वा सहकारी सेवा केवळ ॲपवरच देण्यास कायद्याने बंदी असावी. दंड होतात, अपिले होतात, दंड घटतात. दार मात्र त्याच हातात राहते. गिरणीच्या फाटकाशी उभे राहून मालकाला जाब विचारणाऱ्यांच्या पक्षाला हे नवे फाटक ओळखता आले पाहिजे.